काळा गुलाब

"काळा गुलाब खरोखर असतो काय?" हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस जितक्या वेळां विचारला आहे, तितक्या वेळां दुसऱ्या कोणत्याही फुलाविषयीं विचारला नाहीं. पुष्पप्रदर्शनाहून परत आलेला मुलगा तो विचारतो. मोबाइलवर कोळशासारख्या काळ्या फुलाचें चित्र पाहिलेली मुलगी तो विचारते. आणि अलीकडे पालकही तो विचारूं लागले आहेत. कारण, काळ्या गुलाबाच्या नांवावर पैसे मागणारे लोक आतां शिरूर-दौंडच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोंचले आहेत. म्हणून या अंकांत त्या प्रश्नाचें उत्तर थोडें विस्तारानें द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

उत्तराचा सारांश आरंभींच सांगतों. पूर्ण काळा गुलाब निसर्गांत नाहीं, आणि कोणत्याही माळ्यानें अथवा शास्त्रज्ञानें तो आजवर निपजविलेला नाहीं. ज्यास लोक काळा म्हणतात, तो अत्यंत गडद असा तांबडा गुलाब होय. परंतु हा तांबडेपणा इतका दाट असूं शकतो कीं, पौषांतील थंड सकाळीं अर्धवट उमललेल्या कळीकडे पाहणाऱ्यास तो क्षणभर दिसतच नाहीं. असा गुलाब आपल्या दोन्ही तालुक्यांत लावतां येतो. तो काळा कां दिसतो हें ज्यास कळलें, त्यास तो कोठें शोधावा व कसा वाढवावा हेंही कळतें. आणि कोणी फसवूं आला तरी तो फसत नाहीं.

प्रथम काळेपणाचा विचार करूं. आपण जांभळास काळें म्हणतों, द्राक्षांस काळीं म्हणतों. पण जांभूळ खाल्ल्यावर जीभ काळी होत नाहीं, ती जांभळी होते. फळाच्या सालींत रंग इतका दाट सांठलेला असतो कीं, तिच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश आंतच शोषला जातो आणि डोळ्यांस काळेपणा भासतो. गुलाबाचेंही तसेंच आहे. गडद गुलाबाची एक पाकळी पांढऱ्या कागदावर ठेवून नखानें घासून पाहा. कागदावर जो डाग उमटतो, तो काळा नसून किरमिजी असतो. काळ्या गुलाबाची ही पहिली परीक्षा होय, आणि तिला एका पाकळीपलीकडे कांहीं खर्च नाहीं.

या रंगद्रव्याच्या कुळास ॲन्थोसायनिन म्हणतात. त्या कुळांतील सायनिन नांवाच्या द्रव्यावर तांबड्या गुलाबाचा रंग मुख्यत्वें अवलंबून असतो. रिखार्ड विल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९१३ सालीं निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या फुलांतून हें द्रव्य वेगळें केलें, आणि पुढें तांबड्या गुलाबांतही तेंच द्रव्य असल्याचें दाखवून दिलें. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः पानांतील हरितद्रव्यावरील संशोधनाबद्दल त्यास १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. एकच द्रव्य एका फुलांत निळें व दुसऱ्या फुलांत तांबडें दिसावें, ही नवलाची गोष्ट खरी. परंतु भोंवतालच्या रसाची घटना बदलली कीं या द्रव्याचा रंग बदलतो, हें आपणांसही घरीं पाहतां येतें. मूठभर तांबड्या पाकळ्या पाण्यांत उकळून अर्क काढावा व तो थंड झाल्यावर दोन पेल्यांत घ्यावा. एका पेल्यांत लिंबू पिळलें कीं अर्क झळझळीत तांबडा होतो. दुसऱ्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला कीं तो निळसर-हिरवट होतो. हा प्रयोग ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

रंग दाट असला तरी तेवढ्यानेंच फूल काळें दिसत नाहीं. दुसरें कारण पाकळीच्या पृष्ठभागांत आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं गुलाबाची पाकळी पाहिली, तर तिच्या वरच्या थरांतील पेशी सपाट नसून लहान लहान शंकूंसारख्या उभ्या दिसतात. मखमलीच्या कापडाची लव जशी प्रकाशास आपल्यांत अडकवून ठेवते, तशी या शंकूंमधील फट प्रकाशास अडकविते, आणि पाकळीवर सांवली पसरल्यासारखी वाटते. एकाच रंगाची सुती चिंधी व मखमलीची चिंधी शेजारीं ठेवली, तर मखमल अधिक गडद भासते, त्याचें कारण हेंच. म्हणून काळसर गुलाबास मखमली म्हणतात, तें केवळ कौतुकाचें विशेषण नव्हे. त्यांत त्याच्या काळेपणाचें अर्धें रहस्य आहे.

कोणी विचारील कीं, काळसर पॅन्सी व काळसर ट्यूलिप जर गुलाबाहून अधिक काळे दिसतात, तर गुलाबानेंच कां मागें रहावें? त्या फुलांत निळ्या-जांभळ्या छटेचें डेल्फिनिडिन नांवाचें द्रव्य असतें. गुलाबास तें स्वतः तयार करतां येत नाहीं. सनटोरी या जपानी कंपनीनें दुसऱ्या फुलाचा गुणधर्म गुलाबांत घालून तें द्रव्य निर्माण केल्याचें २००४ सालीं जाहीर केलें, आणि २००९ पासून तसे गुलाब जपानांत विकावयास आणले. त्यांस 'निळा गुलाब' असें नांव मिळालें, तरी प्रत्यक्ष रंग फिकट जांभळाच आहे. सारांश, गुलाबास काळेपणाची सारी मजल तांबड्यावर तांबडें चढवूनच गांठावी लागते.

आतां हा गडद रंग बागांत आला कोठून, तें पाहूं. युरोपांत 'टस्कनी' नांवाचा काळपट-तांबडा मखमली गुलाब फार जुना आहे. परंतु तो वर्षांतून एकदांच फुलतो, व त्याचा रंग उतरतां उतरतां जांभळट होतो. सन १७९२ च्या सुमारास चीन देशांतील एक किरमिजी गुलाब कलकत्त्यामार्गें ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडांत गेला. तो तेथें ज्या गृहस्थानें फुलविला त्याच्या नांवावरून त्यास 'स्लेटर्स क्रिम्झन चायना' म्हणतात. खरा किरमिजी रंग व पुन्हां पुन्हां फुलण्याचा गुण या दोन गोष्टी पाश्चात्य बागांस अशा पूर्वेकडील गुलाबांकडून मिळाल्या. पुढें फ्रान्समधील माळ्यांनीं गडद रंगाचा पिच्छा पुरविला. 'चौदावा लुई' हा गुलाब १८५९ सालचा. 'सुव्हेनिर द्यु डॉक्टर जामँ' हा १८६५ सालचा. 'शातो द क्लो व्हूजो' हा १९०८ सालचा. जर्मनींत कोर्डेस यांनीं १९३५ सालीं 'क्रिम्झन ग्लोरी' काढला, आणि फ्रान्समध्यें शार्ल मालेरँ यांनीं १९३८ सालीं 'गिने' हा वेलगुलाब काढला, ज्याचीं फुलें आजही अत्यंत काळसर गुलाबांत गणलीं जातात.

यानंतरची एक हकीकत विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावी. मालेरँ यांचेंच नांव धारण करणारा 'शार्ल मालेरँ' हा गडद गुलाब १९५१ सालचा, आणि अमेरिकेंतील 'क्रायस्लर इम्पीरियल' हा १९५२ सालचा. या दोहोंच्या संकरांतून तीन प्रसिद्ध गुलाब निघाले: फ्रान्समध्यें 'पापा मेयाँ' १९६३ सालीं, आणि अमेरिकेंत 'ओक्लाहोमा' व 'मिस्टर लिंकन' १९६४ सालीं. आईबाप तेच, परंतु 'मिस्टर लिंकन' तेजस्वी गडद तांबडा, 'पापा मेयाँ' काळसर मखमली, तर 'ओक्लाहोमा' त्याहूनही काळवंडलेला. तिघांसही सुगंध उत्तम. एका घरांतील भावंडें जशीं सारखीं असून सारखीं नसतात, तसेंच हें आहे. गुलाबाच्या प्रत्येक बियेंतून नवी व्यक्ति जन्मास येते. ती आईची प्रतिकृति नसते. हवी ती जात जशीच्या तशी पाहिजे असेल, तर तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर भरावा लागतो, किंवा तिच्या फांदीचें कलम करावें लागतें. अलीकडच्या काळांत नांवाजलेला 'ब्लॅक बॅकारा' हा २००० च्या सुमारास फ्रान्समधून बाहेर पडला; तोही जगभर डोळे भरूनच पसरला, बियांनीं नव्हे.

तुर्कस्तानांतील हाल्फेती या गांवची ख्याति पुष्कळांच्या कानीं आली असेल. ज्या नदीस पवित्र शास्त्रांत फरात म्हटलें आहे, त्या युफ्रेटिसच्या कांठीं हें गांव आहे. जगांतील खरे काळे गुलाब तेथेंच उगवतात, असा लौकिक आहे. २००० सालच्या सुमारास बिरेजिक धरणाच्या पाण्याखालीं जुन्या गांवाचा मोठा भाग गेला व लोकांस नव्या जागीं वस्ती करावी लागली; त्यामुळें या फुलाच्या कथेस करुण रंगही चढला. परंतु तेथील फूलही तपासून पाहतां गडद किरमिजीच आहे. वसंतांत व शरदांत तें काळसर दिसतें आणि उन्हाळ्यांत तांबडें होतें. ऋतूबरोबर काळेपणा कां बदलावा, हें आपल्या शिरूर-दौंडच्या माळ्यासही उपयोगी पडणारें ज्ञान आहे. त्याकडे आपण लवकरच येऊं.

आपल्या देशांत गुलाबविद्येचें नांव काढतांच डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) यांचें स्मरण होतें. गव्हावरील तांबेऱ्यास तोंड देणाऱ्या जाती निर्माण करणारे हे शास्त्रज्ञ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि गुलाब हा त्यांचा आवडता छंद होता. त्यांनीं अनेक नव्या जाती काढल्या, व भारतांतील गुलाबांवरील त्यांचा ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर त्याच परिषदेचें पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आज पुण्यांत आहे. तळेगांव दाभाडे व मावळच्या हरितगृहांतून फेब्रुवारी महिन्यांत 'टॉप सीक्रेट'सारखे तांबडे गुलाब परदेशीं जातात. पण तेथें मागणी असते ती झळकत्या तांबड्यास. काळसर गुलाब हा मुख्यत्वें हौसेच्या बागेंतच सांपडावयाचा.

म्हणून ज्यास असें फूल पाहावयाचें आहे, त्यानें हिवाळ्यांत पुण्याच्या एम्प्रेस बागेंतील पुष्पप्रदर्शनास जावें. तेथें फुलाशेजारीं जातीचें नांव लिहिलेलें असतें. तें वहींत टिपून घ्यावें व रोपवाटिकेंत त्याच नांवानें मागणी करावी. दौंडहून पुण्यास जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या आसपास पुष्कळ रोपवाटिका आहेत. शिरूरकरांसही त्या फार दूर नाहींत. खरेदी करतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, रोपास जातीचें नांव असावें. केवळ 'काळा गुलाब' हें जातीचें नांव नव्हे. दुसरी, खुंट व डोळा यांचा सांधा स्पष्ट दिसावा व तो घट्ट जुळलेला असावा. तिसरी, शक्य असल्यास रोप फुलावर असतांनाच घ्यावें. चित्र पाहून रोप घेणें म्हणजे छायाचित्र पाहून बैल घेण्यासारखें आहे.

येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे. 'काळ्या गुलाबाचें बीं' म्हणून पाकिटें विकलीं जातात, आणि त्यांवर शाईसारख्या काळ्या फुलाचें चित्र असतें. आमच्या एका विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुटींत कांदालागणीची मजुरी करून मिळविलेले पैसे अशा एका पाकिटासाठीं घातले. काळीं फुलें विकून बहिणीच्या पुस्तकांचा खर्च भागवावा, असा त्याचा विचार होता. त्यानें मोठ्या निष्ठेनें वाफा केला, बीं पेरलें, दोन्ही वेळां पाणी घातलें. चौथ्या दिवशीं अंकुर आले. महिन्याभरांत झाडें हातभर झालीं, आणि तीं माठाचीं निघालीं. घरांत त्यांची भाजी झाली. मुलगा हंसला, पण मजुरीचे पैसे परत आले नाहींत.

या प्रसंगांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. गुलाबाचें बीं टणक असतें, तें चार दिवसांत उगवत नाहीं. त्यास दीर्घकाळ थंडावा मिळाल्यावांचून बहुधा अंकुर फुटत नाहीं. तें उगवलें तरी, वर सांगितल्याप्रमाणें, आईसारखें फूल देईल याची शाश्वति नसते. आणि जें फूल जगांत कोणाजवळच नाहीं, त्याचें बीं कोणाजवळ असणार? याखेरीज बाजारांत कधीं कधीं काळ्या, निळ्या गुलाबांचे गुच्छ दिसतात. तीं पांढरीं अथवा दुसऱ्या रंगाचीं फुलें रंगाच्या पाण्यांत देंठ ठेवून वा वरून रंग देऊन तयार केलेलीं असतात. देंठांतून रंग चढविला असेल, तर पाकळीच्या शिरा भोंवतालच्या भागापेक्षां अधिक रंगलेल्या दिसतात; वरून दिला असेल, तर ओल्या बोटास तो बहुधा लागतो. शोभेसाठीं रंगविलेलें फूल विकणें हा गुन्हा नव्हे. पण तें जन्मतःच तसें आहे, असें सांगून विकणें ही लबाडी होय.

त्या मुलास आमच्या शाळेच्या माळीबुवांनीं 'ओक्लाहोमा'च्या फांदीवरील डोळे दिले व ते भरण्याची कृति शिकविली. त्यानें तीन खुंटांवर डोळे भरले. पैकीं दोन लागले. ती कृति सर्वांसच उपयोगी असल्यामुळें येथें देतों. देशी, काटक गुलाबाचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा जोमदार खुंट घ्यावा. हिवाळ्यांत, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत, खुंटाच्या सालीवर जमिनीपासून चार-पांच बोटें उंचीवर 'टी' अक्षराच्या आकाराची चीर द्यावी. जातिवंत गुलाबाच्या नुकत्याच फुलून गेलेल्या फांदीवरील फुगीर डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसह अलगद काढावा, चिरेंत बसवावा, आणि डोळा उघडा ठेवून वरखालीं पट्टी घट्ट गुंडाळावी. डोळा दोन-तीन आठवडे हिरवा राहिला तर तो लागला असें समजावें. तो फुटूं लागला कीं त्याच्यावरील खुंटाचा भाग छाटावा.

"आमच्या माळावर गुलाब कसला?" असें म्हणणारे पालक आम्हांस नेहमीं भेटतात. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण आहेत, हें खरें. परंतु दौंड तालुक्यांतीलच केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीन घेऊन विहिरी खणविल्या व फळझाडें लावविलीं, हें आपण विसरूं नये. आणि काळसर गुलाबाच्या बाबतींत आपल्या हवेंत एक मोठा गुणही आहे. येथें थंडी कोरडी व चांगली पडते. डिसेंबर-जानेवारींत कित्येक रात्रीं पारा दहा अंशांच्याही खालीं जातो. थंडींत पाकळींत रंगद्रव्य अधिक सांठतें, आणि कळी सावकाश वाढत असल्यामुळें त्यास सांठण्यास वेळही मिळतो. उलट, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसांवर गेला म्हणजे रंगद्रव्य कमी बनतें व फूल घाईनें उमलतें. म्हणून एकाच झाडावर पौषांत काळसर फूल येतें आणि वैशाखांत साधें तांबडें. हाल्फेतीचें गूढ तें हेंच. झाड बदललें, रोपवाटिकावाल्यानें फसविलें, असा आरोप उन्हाळ्यांतील फूल पाहून कोणी करूं नये.

हें ध्यानीं घेऊन छाटणीची वेळ ठरवावी. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी केली, तर सुमारें दीड-दोन महिन्यांनीं, म्हणजे ऐन थंडींत फुलें येतात. मेलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढून टाकाव्या. तीन-चार जोमदार फांद्या ठेवून त्यांच्या बाहेरच्या अंगास असलेल्या डोळ्यावर तिरपा काप घ्यावा.

जागा निवडतांना सकाळचें पांच-सहा तास ऊन व दुपारनंतर सांवली मिळेल, असें ठिकाण पाहावें. काळसर फूल ऊन अधिक शोषतें, जशी काळी छत्री पांढरीहून लवकर तापते. त्यामुळें दुपारच्या उन्हांत पाकळ्यांच्या कडा करपतात. पण म्हणून झाड दाट सांवलींत ठेवल्यास रंग फिका पडतो व फुलेंही थोडीं येतात, कारण रंगद्रव्य बनण्यास प्रकाशाची गरज असते. घराच्या पूर्वेकडील भिंतीलगतची जागा सर्वांत उत्तम.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडे दोन तऱ्हांचा आहे. शिरूरकडील माळाची जमीन मुरमाड व हलकी. भीमेच्या व घोडनदीच्या कांठची काळी व भारी. मुरमाड जमिनींत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यांत पोयट्याची माती व चांगलें कुजलेलें शेणखत भरावें. वर थोडी निंबोळी पेंड मिसळावी. भारी जमिनींत पाणी तुंबतें व गुलाबाचीं मुळें कुजतात, म्हणून तेथें वाफा उंच करावा व खड्ड्याच्या तळाशीं विटांचे तुकडे घालावे. कालव्याच्या पाण्यानें कांहीं ठिकाणीं जमिनी खारवट झाल्या आहेत, व पुष्कळ विहिरींचें पाणीही मचूळ आहे. गुलाबास किंचित् आम्ल जमीन मानवते. खारवट वा चुनखडीच्या जमिनींत त्यास लोह मिळत नाहीं, आणि उसावर जसा केवडा पडतो, तशीं गुलाबाचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळीं शेणखत भरपूर द्यावें, पाण्याचा निचरा सुधारावा, आणि हिराकसाचें अगदीं सौम्य पाणी पानांवर फवारावें. पावसाचें पाणी सांठवितां आल्यास कुंडींतील गुलाबांस तेंच द्यावें.

हिराकस घातला कीं गुलाब काळा होतो, असें सांगणारेही कांहीं भेटतात. पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत, त्यावरून ही समजूत निघाली असावी. पण झाड म्हणजे दौत नव्हे. लोहानें पान हिरवें राहतें. फुलावर शाई चढत नाहीं. हिराकस अधिक घातला तर झाडच मरतें.

नत्राचीं खतें अति देऊं नयेत. त्यानें पाला माजतो व भुरी रोग पडतो, आणि गडद जातींपैकीं पुष्कळांस भुरीची बाधा लवकर होते. थंडींत पानांवर पांढरी भुकटी दिसूं लागतांच तीं पानें तोडून जाळावीं व गंधकाची फवारणी करावी. भर उन्हांत मात्र गंधक वापरूं नये. पाणी सकाळीं मुळांशीं द्यावें, पानांवर नव्हे. सांध्याच्या खालून खुंटाचे फुटवे येतात, ते मुळाशींच काढून टाकावे. तसें न केल्यास खुंट जोर धरतो, भरलेला डोळा दबून मरतो, आणि झाडावर फिकट गुलाबी वा पांढरीं लहान फुलें येऊं लागतात. "आमच्या काळ्या गुलाबानें रंग बदलला" अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें कारण बहुतेक वेळां हेंच असतें.

फूल तोडावयाचें तें पहांटे, पाकळ्या नुकत्या सुटूं लागल्या असतां. पूर्ण उमलून दोन-तीन दिवस झाले कीं पाकळ्यांतील रसाची आम्लता कमी होते, आणि लिंबू व सोडा यांच्या प्रयोगांत पाहिल्याप्रमाणें तांबड्यावर निळसर झांक चढते. तें फूल मग काळसर न दिसतां विटलेलें जांभळें दिसतें. याचा अर्थ जात वाईट असा नव्हे. फूल म्हातारें झालें, एवढाच.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी निराश होऊन म्हणेल कीं, "म्हणजे काळा गुलाब नाहींच तर!" त्यास आमचें सांगणें असें आहे कीं, देवानें गुलाबास जो रंग दिला, त्यांत कांहीं उणें नाहीं. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें फुलांकडे निरखून पाहण्यास सांगितलें. त्यांवर आपल्या मनांतील रंग चढविण्यास सांगितलें नाहीं. जें फूल आपल्यासमोर आहे तें नीट पाहणें व त्यास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारणें, हें विद्यार्थ्याचें काम आहे. तें ज्यास साधलें, त्याची मजुरी माठाच्या बियांवर खर्ची पडत नाहीं. आणि मोठेपणीं रोपें, बीं, औषध अथवा वचनें विकणारा कोणीही त्याच्या दारीं आला, तरी तो आधीं पाकळी कागदावर घासून पाहतो.

ज्यांच्या घरीं गडद गुलाब आहे, त्यांनीं येत्या डिसेंबरांत एक पाकळी व एप्रिलांत त्याच झाडाची दुसरी पाकळी वहीच्या पानावर घासून डाग उमटवावे. शेजारीं तारीख व त्या दिवसाचें उष्णतामान लिहावें. ज्यांच्या घरीं झाड नाहीं, त्यांस शाळेच्या बागेंतील 'ओक्लाहोमा'चे डोळे छाटणीनंतरच्या पहिल्या बहरावर माळीबुवांकडून विनामूल्य मिळतील. खुंट मात्र ज्याचा त्यानें आणावा.